ओढ्याकाठची टाचणी

पावसाळा सरत आला की माहूरच्या डोंगरातले ओढे निवळतात. आषाढ-श्रावणात ते गढूळ असतात, खवळलेले असतात. भाद्रपद उलटला की गाळ खाली बसतो. तळाचे गोटे दिसू लागतात. लेकरे मासे धरायला जातात. बाया धुणे घेऊन जातात. गुरे पाण्यावर येतात.

अशा ओढ्याच्या काठी, लव्हाळ्याच्या पात्यावर, एक बारीक किडा बसलेला असतो. लांबी दीड इंचाच्या आसपास. जाडी म्हणाल तर खराट्याच्या काडीएवढी. तोंड भगवे. पाठ हिरवट, कुशी निळसर. अंग वरून काळसर, आणि शेपटाच्या टोकाजवळ लख्ख निळा ठिपका. कुणीतरी ब्रशाने रंग द्यावा तसा. पंख काचेसारखे. ते पाठीवर मिटून तो बसतो. आपली सावली पडली की उठतो, हातभर लांब जाऊन दुसऱ्या पात्यावर बसतो.

आपल्याकडे याला कुणी वेगळे नाव देत नाही. सगळेच चतुर. लेकरे त्याच्या शेपटीला दोरा बांधतात आणि उडवतात. पण हा चतुर नव्हे. हा चतुराचा लहान भाऊ. मराठीत अभ्यास करणारी मंडळी याला टाचणी म्हणतात. कागदाला लावतो ती टाचणी. नाव अगदी बरोबर बसले आहे.

चतुर आणि टाचणी ओळखणे फार सोपे आहे. एकदा कळले की पुन्हा चूक होत नाही. चतुर बसला तरी पंख पसरून बसतो. विमानासारखा. टाचणी बसली की बहुधा पंख मिटते. चतुराचे अंग जाड, डोळे मोठे, बहुतेकांचे डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेले. टाचणीचे डोळे दोन बाजूंना, मध्ये चांगली जागा. चतुर दिवसभर शेतावर घिरट्या घालतो, कोसभर जातो. टाचणीला तेवढे बळ नाही. ती पाण्याचा काठ धरून राहते. म्हणूनच आम्ही आज चतुराचे न सांगता टाचणीचे सांगत आहोत. चतुर कुठूनही आलेला असू शकतो. टाचणी ज्या ओढ्यावर दिसली, ती बहुधा त्याच ओढ्यात वाढलेली असते. त्या ओढ्याचे बरेवाईट तिच्या अंगावर येते.

भगव्या तोंडाच्या टाचणीला शास्त्रातले एक नाव आहे. स्यूडॅग्रिऑन रुब्रिसेप्स. जीभ अडखळेल, पाठ करायची गरज नाही. त्यातल्या शेवटच्या शब्दाचा अर्थ 'लाल डोक्याची'. बेल्जियम देशातल्या सेलिस नावाच्या अभ्यासकाने हे नाव १८७६ साली दिले. पुढे फ्रेझर नावाचे एक इंग्रज लष्करी डॉक्टर आपल्या देशात आले. नोकरी रोग्यांची, पण छंद चतुर-टाचण्यांचा. त्यांनी देशभर फिरून माहिती जमवली आणि १९३३ ते १९३६ या काळात तीन जाड ग्रंथ लिहिले. आजही अभ्यासक ते उघडतात. जगात चतुर आणि टाचण्या मिळून सहा हजारांहून अधिक जाती आहेत. आपल्या देशात पाचशेच्या आसपास. सगळ्या अजून सापडल्यात असेही नाही. सातारा जिल्ह्यात ठोसेघरचा धबधबा आहे. त्या भागातली एक टाचणी २०२१ साली नवी म्हणून जाहीर झाली. तिच्या नावातच ठोसेघर आहे. इतकी माणसे तो धबधबा पाहून गेली, आणि टाचणी तिथेच बसली होती!

आता आपला मुलूख पाहा. माहूर म्हटले की लोकांना रेणुकामाता आठवते, दत्तशिखर आठवते, अनसूयामाता आठवते. किल्ला आठवतो. नवरात्रात लाखो माणूस येतो. पण हा डोंगर पाण्याचाही आहे. पैनगंगा माहूरला तीन बाजूंनी वळसा घालते. ती उगम पावते बुलढाणा जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगरात. मग मराठवाडा आणि विदर्भ यांच्या शिवेवरून वाहते. आपल्याकडे नांदेड, पलीकडे यवतमाळ. इस्लापूरजवळ सहस्रकुंडाला ती काळ्या पाषाणावरून खाली उडी घेते. पुढे ती वर्धा नदीला मिळते. ते पाणी प्राणहितेतून शेवटी गोदावरीला जाते. म्हणजे आपल्या ओढ्यात टाकलेली वस्तू गोदावरीच्या वाटेला लागते.

नदी मोठी दिसते. पण ती भरते कुणाच्या जिवावर? सागाच्या जंगलातून, दऱ्याखोऱ्यांतून उतरणाऱ्या लहान ओढ्यांच्या जिवावर. कुणाला दोन पावलांत ओलांडता येईल असा ओढा, त्याला नावसुद्धा नसते. टाचणीचे घर तेच.

घर म्हणजे काय काय लागते तिला? वाहते पाणी लागते. भगव्या तोंडाची टाचणी तळ्यावर, कालव्यावरही राहते, हे खरे. ती जरा सोशिक आहे. पण ओढा तिला फार मानवतो. पाण्यात उभे राहिलेले गवत लागते. लव्हाळा, पाणकणीस, पाण्यात लोंबणारी मुळे. काठाला करंज, जांभूळ, अर्जुन असे झाड असले तर चांगले. म्हणजे थोडे ऊन, थोडी सावली. तळाला गोटे आणि वाळू. आणि उन्हाळ्यात न आटणारा एखादा डोह.

तिच्याच शेजारी आणखी एक टाचणी दिसते का, तेही पाहावे. तिच्या पंखांवर रुंद काळा पट्टा असतो. नराचे अंग लाल आणि काळे. उडताना पंखांची काळी उघडझाप होते, आणि नजर तिकडे जातेच. ही जात फक्त आपल्या भारतातच आहे, इतर कुठल्या देशात नाही. ती वाहत्या, गोट्यांच्या ओढ्यालाच चिकटून असते. डबक्यावर ती शोधू नये.

एका वाचनवर्गाला आम्ही हे सांगत होतो. एक बापू मागे बसले होते. ते म्हणाले, "गुरुजी, हा किडा जन्मतो कुठं? अंडं घालतो का गांडुळासारखा मातीतून निघतो?" प्रश्न चांगला होता. उत्तर ऐकून बापूंना खोटे वाटले. पण ते खरे आहे.

टाचणीचे बहुतेक आयुष्य पाण्याखाली जाते. आपण हवेत पाहतो ते तिचे म्हातारपण समजा. म्हणजे शेवटचे काही दिवस, फार तर काही आठवडे.

नर आधी पाण्याजवळची एक जागा धरतो. एखादे पाते, एखादी काडी. दुसरा नर आला की त्याला हुसकून लावतो. मादी आली की नर आपल्या शेपटाच्या चिमट्याने तिला मानेजवळ धरतो. मादी आपले शेपूट वाकवून नराच्या अंगाखाली नेते. त्या वेळी दोघांची मिळून बदामासारखी आकृती होते. पत्त्यांतला बदाम. संग झाल्यावरही नर तिला सोडत नाही. तसेच धरून दोघे पाण्यावर जातात. मादीच्या शेपटाला खाली बारीक करवतीसारखे अवजार असते. त्याने ती पाण्यातल्या देठाला भोक पाडते आणि आत एक अंडे ठेवते. मग दुसरे भोक, दुसरे अंडे. आपण सरकीचे बी टोबतो, अगदी तसे. नर वर ताठ उभा राहून राखण करतो.

काही वेळा ही मादी देठावरून उतरत उतरत पूर्ण पाण्याखाली जाते. नरालाही घेऊन जाते. बुडत नाही. अंगाभोवती आणि पंखांभोवती हवेचा पातळ पापुद्रा धरलेला असतो. तो पाण्यात चांदीसारखा चमकतो. त्या हवेवर ती बराच वेळ काढते. काम झाले की वर येते, पंख झटकते आणि उडते.

अंड्यातून पिल्लू निघते, ते पाण्यातच. त्याला पंख नसतात. रंग मातीसारखा. सहा पाय, आणि शेपटाला तीन बारीक पाने. ही पाने म्हणजे त्याची श्वास घेण्याची जागा. माशाला कल्ले असतात ना, तशी. पाण्यात मिसळलेली हवा त्या पानांतून अंगात जाते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचेच काम आहे.

पिल्लू दिसायला गरीब, पण आहे मोठे शिकारी. त्याचा खालचा ओठ लांब असतो, आणि तो दुमडून हनुवटीखाली ठेवलेला असतो. टोकाला चिमटा. पुढून डासाची अळी गेली की तो ओठ झटकन बाहेर येतो, अळी पकडतो आणि तोंडात आणतो. पापणी लवायच्या आत. डासाच्या अळ्या, पाण्यातले बारीक किडे, जे मिळेल ते खाते. वाढते तसे कात टाकते. साप टाकतो तशी. अशा दहा-बारा काती टाकून होतात. पाणी कोमट असेल, खाणे भरपूर असेल तर हे लवकर होते. नाहीतर काही महिने लागतात. फुलपाखराचे कसे, आधी सुरवंट, मग कोश, मग पंख. इथे कोश नाही. शेवटच्या कातीच्या वेळी पिल्लू एखाद्या लव्हाळ्याच्या काडीवरून पाण्याबाहेर चढते. काडीला घट्ट धरते. पाठीवर कातडे फाटते आणि आतून टाचणी निघते. मऊ, फिकट, चुरगळलेली. तास-दोन तासांत पंख ताठ होतात. मग पहिली भरारी. भगवा-निळा रंग चढायला पुढे काही दिवस लागतात. रिकामी कात काडीलाच लोंबत राहते.

काडी नसेल तर? म्हणजे काठ खरडून साफ केला असेल, गवत जाळले असेल, तर? मग पिल्लाला वर चढायला जागाच नाही. आणि मादीला अंडे टोबायला देठ नाही. ओढा स्वच्छ करायचा म्हणून आपण काठ नागडा करतो. प्लास्टिक, पत्रावळी, चिंध्या जरूर काढाव्यात. पण लव्हाळा म्हणजे घाण नव्हे. त्याची मुळे काठाची माती धरतात. तो गेला की पुढल्या पुरात काठासोबत शेताचा बांधही जातो. हे ज्यांचे शेत ओढ्याला लागून आहे, त्यांना आम्ही सांगायला नको.

आता श्वासाकडे येऊ. पाण्यात हवा कशी मिसळते? ओढा गोट्यांवरून आपटत येतो. फेस होतो, खळखळाट होतो. त्यात हवा पाण्यात शिरते. म्हणून वाहते पाणी ताजे. साचलेल्या पाण्यात हवा कमी. त्यात शेण, सांडपाणी, उरलेले अन्न पडले की ते कुजते. कुजवणारे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पण त्यांनाही हवा लागते. ते पाण्यातली हवा खाऊन टाकतात. शेतातून वाहून आलेला युरिया पाण्यात मिसळला की शेवाळ माजते. ते मेले की तेही कुजते. मग मासे वर तोंड काढून हपापतात. टाचणीची पिल्ले तर गुपचूप मरतात, कुणाला कळतही नाही. पुढच्या साली काठावर टाचणी दिसत नाही, इतकेच.

वाळूचेही असेच. वाळू-गोटे उचलले की ओढ्याचा तळ सपाट होतो. खळखळ थांबते. खड्ड्यात पाणी साचते. घराला वाळू लागते हे आम्हाला ठाऊक आहे, आमचेही घर वाळूशिवाय उभे राहिले नाही. पण बैलगाडीची वाळू वेगळी आणि यंत्राने रात्रंदिवस उपसलेली वाळू वेगळी. ओढ्याची वाळू पाणी धरून ठेवते. ती गेली की शेजारच्या विहिरीचे पाणी लवकर उतरते.

उन्हाळ्यात काय होते, तेही सांगतो. चैत्र-वैशाखात बहुतेक ओढे आटतात. पैनगंगेचीही धार बारीक होते, वर ईसापूरला धरण आहे. मग डोहच उरतात. मासे, बेडूक, टाचणीची पिल्ले, जो तो डोहात गोळा होतो. गुरेही तिथेच, धुणेही तिथेच, आणि मोटार लावून पाणी ओढणारेही तिथेच. तो एक डोह मेला की पुढच्या पावसात ओढा भरतो खरा, पण त्यात जीव यायला दूरच्या ओढ्यावरून पुन्हा सुरुवात व्हावी लागते. आणि टाचणी दूर उडत नाही, हे वर सांगितलेच आहे.

सगळ्यांत वाईट गोष्ट म्हणजे औषध. आपण त्याला औषध म्हणतो, पण ते विष आहे. कपाशीवर, सोयाबीनवर, तुरीवर फवारणी होते. फवारून झाले की माणूस दमलेला असतो. ओढा जवळ असतो. तो पंप ओढ्यात बुडवून धुतो, हातपाय धुतो, रिकामी बाटली तिथेच टाकतो. आम्ही हे अनेक ठिकाणी पाहिले आहे, आणि करणारी माणसे वाईट नसतात. त्यांना वाटते, एवढ्या पाण्यात थेंबभर विषाने काय होणार? पण ही औषधे किडे मारण्यासाठीच केलेली आहेत. मावा आणि टाचणीचे पिल्लू, औषधाला दोन्ही सारखेच. मावा मारायला जेवढे लागते, त्याहून फार थोडे पाण्यात मिसळले तरी पिल्लाच्या नसा आखडतात. काही औषधे पाण्यात साखरेसारखी विरघळतात आणि दूरवर जातात.

ही गोष्ट किड्यापुरती राहिली असती तर कुणी म्हणेल, गेला किडा तर गेला. तशी ती नाही. २०१७ सालची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. नदीच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करता करता शेतकरी आणि शेतमजूर यांना विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसे दगावली. शेकडो दवाखान्यात गेली. कुणाची नजर अंधुक झाली, कुणाला उलट्या थांबेनात. उंच वाढलेल्या कपाशीत, अंगावर साधा सदरा, तोंडाला काही नाही, आणि दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली. नदी ओलांडली की आपला जिल्हा. आपली कपाशी तीच, आपला पंपही तोच.

तेव्हा एवढे करावे. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये. तोंडाला फडके, हातात मोजे, अंगभर कपडा असावा. दोन औषधे आपल्या मनाने कालवू नयेत. बाटली रिकामी झाली की तीनदा पाण्याने खळखळून ते पाणी पंपातच ओतावे, म्हणजे ते पिकावर जाते. मग बाटलीला भोक पाडावे. म्हणजे तिच्यात कुणी तेल-पाणी भरणार नाही. पंप शेतातच धुवावा, विहीर आणि ओढा यांच्यापासून लांब. ओढ्याला लागून असलेल्या दोन-तीन ओळी फवारल्या नाहीत तरी चालते. एका शेतकऱ्याने आम्हाला विचारले, "गुरुजी, त्या दोन ओळी काहून सोडू? त्या काय फुकट आहेत?" आम्ही म्हटले, फुकट नाहीत. पण तिथे गवत वाढू द्या आणि काय होते ते पाहा. टाचण्या मावा, तुडतुडे, पांढरी माशी, बारीक पतंग खातात. त्यांच्या पायांवर काटे असतात. उडता उडता पायांची टोपली करून किडा झेलतात. मजुरी मागत नाहीत. अर्थात टाचणी सगळी बोंडअळी खाऊन टाकील, असे आम्ही म्हणत नाही. तेवढे तिचे पोट नाही.

डासाचेही तसेच. टाचणीची पिल्ले डासाच्या अळ्या खातात, पण ओढ्यातल्या. तुमच्या घरातल्या रांजणात ती येणार नाहीत. डेंग्यूचा डास घराजवळच्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. हौद, रांजण, फुटका टायर, नारळाची करवंटी. त्यासाठी आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करायला हवीत. आरोग्य खात्याची माणसे त्याला कोरडा दिवस म्हणतात. ते काम आपलेच आहे, टाचणीवर ढकलू नये.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे लोक चुकतात. ओढ्यावर टाचण्या पुष्कळ दिसल्या, म्हणून ते पाणी पिण्यालायक झाले असे नाही. टाचणीला हवा हवी, गवत हवे, विष नको. हगवणीचे, काविळीचे, पटकीचे जंतू पाण्यात असले तरी तिला त्याचे काही नाही. आपल्याला आहे. ओढ्याचे पाणी उकळून किंवा जंतुनाशक घालूनच प्यावे. लहान लेकरांना तर नक्कीच. टाचणी एवढेच सांगते की ओढा अजून जिवंत आहे. ती गेली, तर समजावे की काहीतरी बिघडले आहे आणि वरच्या अंगाला जाऊन पाहायला हवे. त्यातही नाजूक जाती आधी जातात, सोशिक मागे राहतात. म्हणून एकच जात पाहून समाधान मानू नये. कुठल्या कुठल्या दिसतात, ते पाहावे.

बाईमाणसांना हे पटकन कळते, असा आमचा अनुभव आहे. ओढ्यावर त्या रोज जातात. एक म्हातारी आक्का आम्हाला म्हणाली, "पयले धुनं धुताना हे किडे अंगावर बसायचे. आता साबणाचा फेसच बसतो." तिने कुठला ग्रंथ वाचला नव्हता. पण फेस आणि टाचणी यांचा संबंध तिने लावला. धुणे बंद करा असे कोण म्हणेल? घरात नळ नसेल तर ओढाच. पण साबण लावून घासायचे काम काठापासून चार पावले वर, दगडावर करावे. पहिले फेसाचे पाणी मातीत जिरू द्यावे. मग खळाळायला ओढ्यात उतरावे. एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. यात्रेकरूंचे मात्र अवघड आहे. राखी पौर्णिमेच्या परिक्रमेला आणि नवरात्रात इतकी माणसे येतात की ओढ्याच्या काठी द्रोण, पिशव्या, बाटल्या यांचा खच पडतो. देवीच्या डोंगराचा ओढा देवीचाच, हे त्यांना कुणी सांगायचे? गावातल्या तरुण मंडळाने यात्रेआधी ओढ्याजवळ दोन-चार मोठ्या टोपल्या ठेवल्या आणि यात्रा झाल्यावर उचलल्या, तरी काम होते.

एका मुलाने विचारले, "गुरुजी, हा किडा किती जुना?" टाचणी आणि चतुर यांचे पूर्वज तीस कोटी वर्षांपूर्वी होते. तेव्हा माणूस नव्हता. फुले नव्हती. पाखरेही नव्हती. त्या काळच्या एका किड्याचे पंख पसरले तर दोन फुटांहून रुंद भरत. दगडात त्यांचे ठसे सापडले आहेत. मुलाने हात पसरून दोन फूट मोजले आणि वर्ग हसला. एवढा मोठा चतुर असता तर दोरा कुणी कुणाला बांधला असता, कोण जाणे!

आता पाहायला कसे जायचे ते सांगतो. भाद्रपदापासून कार्तिकापर्यंतचे दिवस चांगले. सकाळी नऊनंतर, ऊन तापू लागले की जावे. पहाटे गेलात तर ती गवतात गारठून बसलेली असते, दिसत नाही. ढगाळ दिवशीही लपते. ओढ्यावर जिथे पाणी थोडे संथ होते आणि लव्हाळा पाण्यात उतरलेला आहे, अशी जागा धरावी. आपली सावली पाण्यावर पडणार नाही असे बसावे. बोलू नये. विडी पेटवू नये. पावघटका गेली की पहिला नर परत आपल्या पात्यावर येतो. त्याचे भगवे तोंड ओळखावे. मग शेपटाचा निळा रंग पाहावा. काळ्या पट्ट्याची जोडीदारीण आहे का, ते शोधावे. बदाम दिसला तर उठू नये. थोड्या वेळाने जोडी पाण्यावर येते, आणि मादी अंडी टोबू लागते.

टाचणीला धरू नये. तिचे पंख हळदीच्या पापुद्र्यासारखे आहेत, बोट लागले की मोडतात. घरी काही न्यायचेच असेल तर काडीला लोंबणारी रिकामी कात न्यावी. ती मेलेली नसते, टाकलेली असते. काडेपेटीत कापूस घालून ठेवली तर वर्षभर टिकते. तिच्या शेपटाची तीन पाने आणि हनुवटीखालचा दुमडलेला ओठ नुसत्या डोळ्यांनी दिसतो. वाचनवर्गाला येताना ती सोबत आणावी. कुठल्या ओढ्यावर, कोणत्या तिथीला सापडली, ते काडेपेटीवर आपल्या हाताने लिहावे.